डाळीतील प्रथिने येतात कुठून?

दालचा असो, खिचडा असो की कोकणातल्या घरातली वालाची उसळ, कडधान्यांशिवाय आपला दस्तरखान सजत नाही. कुरआन शरीफमध्ये सूरह अल-बकरहच्या ६१ व्या आयतीत मसूरचा उल्लेख आहे. गोश्त परवडत नाही त्या घराची प्रथिनांची गरज डाळच भागवते.

प्रथिने तयार व्हायला नत्र लागते. हवेत ते ७८ टक्के आहे, पण पिकाला थेट घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू ते पिकाला मिळवून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. १८८८ साली डच शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी हे जिवाणू गाठींतून वेगळे केले.

मातीत रोगजंतूही असतात. मग झाड मित्र कसा ओळखते? मुळे काही रसायने सोडतात, जिवाणू आपल्या रसायनाने उत्तर देतो आणि मुळावरचा केस वळून त्याला आत घेतो. काही जिवाणू याहून पुढे जातात. सुईसारख्या नळीतून ते आपली प्रथिने थेट झाडाच्या पेशीत सोडतात. विषमज्वराच्या जंतूकडेही अशीच नळी असते. तिथे ती रोग पसरवते, इथे मैत्री जुळवते. मात्र ही प्रथिने प्रत्येक झाडाला मानवत नाहीत. 'यूएसडीए २५७' हा जिवाणू सोयाबीनच्या 'पेकिंग' वाणावर गाठी करतो, 'मॅकॉल' वाणावर करत नाही. शास्त्रज्ञांनी त्याची ही यंत्रणा निकामी केली, तेव्हा मॅकॉलवरही गाठी आल्या.

शेतकरी बांधवांसाठी यात मोठा धडा आहे. सोयाबीनचे जिवाणू संवर्धक हरभऱ्याला चालत नाही. पाकिटावर पिकाचे नाव आणि मुदत पाहूनच ते घ्यावे आणि उन्हापासून दूर ठेवावे. बियाण्याला बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, संवर्धक शेवटी. मग बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. युरियाचा मारा टाळावा, कारण आयते नत्र मिळाले की झाड गाठी कमी करते.

पीक फुलोऱ्यात आले की एक रोप मातीसकट हलक्या हाताने उपटा आणि गाठ कापून पाहा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर जिवाणू कामाला लागले आहेत. गाठी नसतील किंवा आतून पांढऱ्या, हिरवट निघाल्या, तर पुढच्या हंगामात बीजप्रक्रियेकडे अधिक लक्ष द्या. मुलांनाही सोबत न्या. अल्लाहने मातीच्या कणाकणात किती हिकमत ठेवली आहे, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.