मोअरला त्याच्या चाकांवर चालू द्या

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. तोवरच्या चार महिन्यांत उपनगरांवर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून गेलेला असतो. भिजलेल्या मैदानात ट्रॅक्टर घालता येत नाही, त्यामुळे गवत गुडघ्याला लागते. मग क्रिकेटचा हंगाम आणि दिवाळीचे कार्यक्रम तोंडावर आले, की मोकळी पटांगणे घाईने कापली जातात आणि हिरवळीत तपकिरी पट्टे उमटतात. पात्याने गवत खरवडून माती उघडी पाडलेली असते. दोष बहुधा चालकाला दिला जातो. माझ्या मते ही चूक ट्रॅक्टर सुरू होण्याआधीच, मोअर, म्हणजे गवत कापणारे यंत्र, मागे जोडताना झालेली असते.

खरवडल्याने नुकसान किती होते, हे आधी पाहू. आपल्या मैदानांवर मुख्यतः हरळी असते. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच. ती उंच वाढू दिली, की हिरवी पाने वर जातात आणि खाली सावलीत नुसती तपकिरी खोडे उरतात. एकदम खाली कापले, तर अन्न तयार करणारा सगळा भाग निघून जातो. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निम्मा किंवा त्याहून जास्त पाला एका वेळी काढल्यावर गवताच्या मुळांची वाढ थांबलेली दिसली. म्हणून एका कापणीत एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला काढू नये. नऊ सेंटिमीटरचे गवत सहावर आणावे, तीनवर नव्हे. हरळी मरत नाही, पुन्हा फुटते, हा आक्षेप खरा आहे. जमिनीखालच्या खोडांतल्या साठ्यावर ती फुटते. पण तो साठा ऑक्टोबरच्या उन्हात, पाऊस नुकताच थांबलेला असताना खर्ची पडतो, आणि उघड्या मातीत तण तिच्या आधी पाय रोवते.

आता जोडणीकडे येऊ. ट्रॅक्टरमागची तीन बिंदूंची जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनी १९२०च्या दशकात नांगरासाठी विकसित केली. १९३९च्या फोर्ड ट्रॅक्टरमुळे ती जगभर पसरली आणि आज कांदिवलीत बनलेल्या ट्रॅक्टरलाही तीच असते. नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव व्हावेत, हा तिचा हेतू. मोअरला नेमके उलटे हवे असते. समजा, ट्रॅक्टरच्या दोन धुरींत दीड मीटर अंतर आहे आणि पाती मागच्या धुरीपासून सव्वा मीटर मागे आहेत. मोअर हायड्रॉलिकवर टांगलेला असेल, तर पुढची चाके दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढताच ट्रॅक्टर मागच्या धुरीवर कलतो आणि पाती आठ सेंटिमीटरहून अधिक खाली येतात. सहा सेंटिमीटरवर लावलेला मोअर मग मातीतच घुसणार. चालकाने कितीही जपून चालवले तरी हे गणित बदलत नाही.

उपाय साधा आहे: मोअरचे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर आले पाहिजे. हायड्रॉलिकचा दांडा पूर्ण खाली सोडावा. टॉप लिंकच्या, म्हणजे तीन बिंदूंपैकी वरच्या जोडदांड्याच्या, टोकाला खाच असेल, तर सपाट जागी पिन खाचेच्या मध्यावर बसेल इतकी लिंकची लांबी ठेवावी, म्हणजे ट्रॅक्टर पुढेमागे कलला तरी मोअर जमिनीलगत राहतो. खाच नसेल तर साखळीची लिंक वापरता येते. हे सारे गवतावर उभे राहून जुळवू नये. काँक्रीटच्या सपाट फरशीवर, दोन्ही बाजूंच्या टायरांत सारखी हवा भरून, पीटीओ (मोअरला शक्ती पुरवणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) आणि इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि मोअरखाली भक्कम ठोकळे लावूनच हात आत घालावा. पात्याच्या टोकापासून फरशीपर्यंत डावीउजवीकडे मोजावे. ही मापे सारखी हवीत. पुढची बाजू मागच्यापेक्षा साधारण अर्धा सेंटिमीटर खाली असावी. त्याहून जास्त झुकवली, तर पुढची कडच आधी गवत खरवडते.

एवढे कशाला, कापणीची उंचीच वाढवा, असे कोणी म्हणेल. उंची वाढवावीच, पण ती एकटी पुरत नाही. दीड मीटर रुंद मोअरची चाके दोन्ही कडांना असतात. मधोमध सहा सेंटिमीटरचा उंचवटा आला आणि पाती सातवर असली, तर तिथे एकच सेंटिमीटर गवत शिल्लक राहते. मध्यभागी रूळ असेल तर तो उंचवट्यावर चढून मोअर उचलतो. मुंबईच्या विक्रोळीत अशा रुळाला विशेष महत्त्व आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि खारफुटी, अलीकडे कन्नमवार नगरसारख्या वसाहती; अशा भागात भराव घातलेली किंवा नळ-केबलसाठी खणून पुन्हा बुजवलेली जमीन एकसारखी बसत नाही. तिथे रुंद मोअरपेक्षा अरुंद मोअर बरा, जादा फेऱ्यांचे डिझेल लागले तरी. खड्ड्यांत थोडीथोडी माती भरत गेले, तर पुढच्या वर्षीची कापणीही सोपी होते.

पावसानंतरच्या पहिल्या फेरीत आणखी एक गोष्ट आड येते. जमीन मऊ असली, की मोअरची चाके जितकी रुततात तितकीच पातीही खाली जातात. फरशीवर सहा मोजले तरी मैदानात चारच भरतात. म्हणून टाच दाबल्यावर खळगा उमटत असेल, तर ट्रॅक्टर आणखी काही दिवस थांबवावा. थांबणे शक्यच नसेल, तर पाती दोन-तीन सेंटिमीटर वर घ्यावीत, दहा पावले कापून उतरावे आणि उरलेले गवत पट्टीने मोजूनच पुढे जावे.