अठराव्या वाढदिवसाची रात्र

रात्रीचे बारा वाजले की गल्लीच्या तोंडाशी बाईकच्या सीटवर केक येतो. मित्र जमतात, मोबाईलचे कॅमेरे सुरू होतात. मेणबत्ती पेटते, चारी बाजूंनी स्नो स्प्रेचा फेस उडतो आणि मग ‘बंप्स’च्या नावाखाली लाथा बसतात. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरापासून अंधेरी, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांपर्यंत चित्र सारखेच. कष्टाने वाढवलेल्या आपल्या लेकराने अठरा वर्षे पूर्ण केली, याचा आनंद साजरा व्हायलाच हवा. मात्र त्या अर्ध्या तासात होणारे अपघात टाळता येतात. म्हणून ते का होतात आणि झाले तर काय करायचे, हे घरातल्या सर्वांना माहीत असायला हवे.

फेस पेट का घेतो?

स्नो स्प्रे हाताला थंड लागतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण फेस डब्याबाहेर ढकलण्यासाठी त्यात बहुतेक वेळा ब्युटेन, प्रोपेन यांसारखे वायू दाबाखाली भरलेले असतात. आपल्या घरच्या गॅस सिलिंडरमध्येही हेच वायू असतात. फेसाच्या बुडबुड्यांत हा वायू अडकून राहतो. फवारा पेटत्या मेणबत्तीजवळ किंवा ठिणग्या उडवणाऱ्या केकच्या फुलबाजीजवळ गेला की भडका उडतो. केस, चेहरा आणि नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे क्षणात पेट घेतात. हायड्रोजन भरलेल्या फुग्यांचेही तसेच. म्हणून नियम एकच: जिथे ज्योत आहे तिथे स्प्रे नको आणि गॅसचे फुगेही नकोत.

कपडे पेटलेच तर त्या मुलाला धावू देऊ नका. वाऱ्याने आग वाढते. त्याला जमिनीवर लोळवा, जाड सुती चादर किंवा गोधडी टाकून आग विझवा. मग भाजलेल्या जागेवर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे वाहते ठेवा. रात्री नळाला पाणी नसेल तर पिंपातले स्वच्छ पाणी तांब्याने ओतत राहा. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल, शाई यांतले काहीही लावू नका. त्याने जखम चिघळते आणि ती किती खोल आहे हे डॉक्टरांना नीट दिसत नाही. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून रुग्णालयात न्या. चेहरा, हात किंवा गुप्तांग भाजले असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा श्वास लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा किंवा राजावाडी, कूपर, कांदिवलीचे शताब्दी यांपैकी जवळच्या पालिका रुग्णालयात जा.

लाथांची गंमत

चौघांनी हातपाय धरायचे आणि बाकीच्यांनी लाथा मारायच्या, याला मुले प्रेम म्हणतात. पण शरीराला प्रेमाची लाथ आणि रागाची लाथ यांतला फरक कळत नाही. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, पाठीत दोन्ही बाजूंना मूत्रपिंडे असतात. जोराचा मार बसला तर आत रक्तस्राव होऊ शकतो आणि वरून साधा वळही दिसत नाही. काही वेळा त्रास काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. पोट वा डावा खांदा दुखणे, लघवी लाल होणे, चक्कर, उलटी, घाम येऊन अंग गार पडणे, अंडकोषाला सूज, यांतले काहीही दिसले तर लगेच डॉक्टर गाठा. मार कसा लागला ते खरे सांगा. मित्र अडचणीत येतील म्हणून ‘जिन्यावरून पडलो’ असे सांगितले, तर तपासणी चुकीच्या दिशेने जाते.

अठरा म्हणजे दारूचे वय नव्हे

‘आता तू मोठा झालास’ म्हणत पहिला पेला अनेकदा याच रात्री पुढे येतो. महाराष्ट्रात कायद्याने बिअर-वाईनसाठी 21 आणि इतर दारूसाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. आपल्यासाठी पंचशीलातले पाचवे शील तर आहेच, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे.

यकृत दारूचा निचरा फार सावकाश करते. पैजेवर भराभर प्यायलेली दारू पोटातून रक्तात येतच राहते. म्हणून मुलगा झोपल्यावरही नशा वाढू शकते. हाक मारून, चिमटा काढूनही तो जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, अंग गार-निळसर असेल, तर ती झोप नाही, विषबाधा आहे. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. कॉफी, लिंबूपाणी पाजू नका, थंड पाण्याने आंघोळ घालू नका, एकटे सोडू नका. 108 ला फोन करा.

स्वस्त दारूत आणखी एक धोका असतो. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉल होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या नसा निकामी करते. दारूनंतर धूसर दिसू लागले तर एक मिनिटही दवडू नये.

अठराव्या वर्षी मिळणारा हक्क

अठरा पूर्ण झाली की मतदार यादीत नाव नोंदवता येते, तसेच रक्तदानही करता येते. वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असावे लागते. साधारण 350 मिलिलीटर रक्त घेतले जाते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. आधी पोटभर खावे, भरपूर पाणी प्यावे, आदल्या दिवशी दारू घेतलेली नसावी. वाढदिवसाला टॅटू काढला तर पुढचे वर्षभर रक्त देता येत नाही. टॅटू काढायचाच असेल तर सुई नवी, आपल्यासमोर फोडलेल्या पाकिटातली हवी, नाहीतर कावीळ ब आणि एचआयव्हीचा धोका असतो.

हिमोग्लोबिन कमी निघाले म्हणून कुणी खजील होऊ नये. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मुलीला तो वेळेत कळला, तर आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्यांनी आणि आहाराने बहुतेक वेळा भरून निघतो. वाढदिवसाच्या तपासणीचा तोही लाभच.

आई-वडिलांनी आठवडाभर आधीच मुलाशी आणि त्याच्या मित्रांशी बोलावे. ‘बाहेर जायचे नाही’ म्हटले की कार्यक्रम दुसऱ्या गल्लीत होतो. त्यापेक्षा त्यांना घरी बोलवा. सकाळी विहारात त्रिशरण-पंचशील, संध्याकाळी घरात केक आणि खीर. मेणबत्ती विझेपर्यंत कुणाच्या हातात स्प्रे नको आणि लाथा तर नकोतच, हे आधीच ठरवून टाका. मित्र ऐकतात. फक्त घरातल्या कुणीतरी ते वेळेवर सांगावे लागते.