वचन ऐकणारे आणि वचन पाळणारे: ले शांबोंच्या मंडळीचा इतिहास

नव्या करारातील याकोबाचे पत्र अवघ्या पाच अध्यायांचे आहे. परंतु देवाचे वचन नुसते ऐकणे आणि त्याप्रमाणे वागणे यांतील अंतराविषयी इतके रोखठोक बोलणारे लेखन ख्रिस्ती धर्मग्रंथात क्वचितच आढळते. परंपरेने हे पत्र येशूचा भाऊ आणि यरुशलेममधील पहिल्या मंडळीचा प्रमुख याकोब याचे मानले जाते. ‘मंडळी’ म्हणजे येथे इमारत नव्हे, तर एकत्र उपासना करणारा श्रद्धावंतांचा समुदाय. वचन ऐकूनही तसे न वागणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करतो, असे याकोब म्हणतो, आणि आरशात तोंड पाहून वळताच आपला चेहरा विसरणाऱ्याची उपमा तो त्याला देतो. हा दोष अज्ञानाचा नाही. उपदेश ऐकून मन हेलावले की काहीतरी केल्याचे समाधान वाटते, आणि ते समाधानच पुढच्या कृतीची वाट अडवून धरते, हे याकोबाने अचूक हेरले होते. म्हणूनच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो उघड्यावाघड्या, त्या दिवसाच्या अन्नालाही मोताद झालेल्या माणसाचे उदाहरण घेतो आणि विचारतो की, तुला ऊब मिळो, तुझे पोट भरो असे म्हणून त्याची बोळवण केली आणि लागणारी वस्तू मात्र दिली नाही, तर त्या बोलण्याचा उपयोग काय?

या पत्राने पुढे मोठा वादही निर्माण केला. मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो आपल्या पुण्यकर्मांमुळे नव्हे, तर विश्वासामुळे, ही प्रेषित पौलाची शिकवण मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेचा पाया होती, आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे सांगणारे याकोबाचे पत्र त्यांना या पायाशी विसंगत वाटले. १५२२ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यांनी इतर पत्रांच्या तुलनेत त्याला गवताचे पत्र म्हटले. वस्तुतः दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. देवाची कृपा कष्टांनी कमावता येते काय, हा पौलाचा प्रश्न आहे, तर ती मिळाली असे म्हणणाऱ्याच्या घरात आणि व्यवहारात ती दिसते कोठे, हा याकोबाचा.

हा दुसरा प्रश्न एका संपूर्ण मंडळीपुढे कसा उभा राहिला, हे पाहायचे असेल तर दक्षिण-मध्य फ्रान्समधील ले शांबों-स्युर-लिन्यों या गावाकडे वळावे लागते. सुमारे एक हजार मीटर उंचीच्या, हिवाळ्यात बर्फाने वेढल्या जाणाऱ्या या पठारावरील बहुसंख्य रहिवासी ह्यूगनो, म्हणजे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेचे होते. चौदाव्या लुईने १६८५ साली नांतचा आदेश रद्द करून या पंथाचे उपासनास्वातंत्र्य हिरावून घेतले, तेव्हापासून रानावनात लपून उपासना करणाऱ्या आणि पाठलाग होणाऱ्या उपदेशकांना आसरा देणाऱ्या पूर्वजांच्या आठवणी येथील घराघरांत जपल्या गेल्या होत्या. १९३४ साली आंद्रे त्रोक्मे या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, म्हणून आले. ते आणि त्यांचे सहकारी पाळक एदुआर तेइस हे दोघेही येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा शब्दशः मानणारे, शस्त्र न उचलण्याच्या मताचे होते. फ्रान्सने २२ जून १९४० रोजी जर्मनीशी शस्त्रसंधी केली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, या दोघांनी मंडळीला सांगितले की, सद्सद्विवेकाविरुद्ध वागण्याची सक्ती झाली तर ख्रिस्ती माणसाने आत्मिक शस्त्रांनी प्रतिकार करावा, मात्र तो भय, गर्व आणि द्वेष यांच्यावाचून करावा.

असा उपदेश ऐकून लोक घरी गेले असते, तर इतिहासात त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या मंडळीत रविवारच्या उपदेशाखेरीज आणखी एक रीत रुळली होती: पाळकांच्या मार्गदर्शनाखाली काही निवडक तरुण ठरलेल्या अंतराने एकत्र जमून बायबलमधील एखादा उतारा अभ्यासत, आजच्या परिस्थितीत त्याप्रमाणे वागायचे म्हणजे नेमके काय करायचे याची चर्चा करत, आणि मग आपापल्या वस्तीत जाऊन तोच उतारा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहान गटापुढे ठेवत. संकटकाळात निर्वासितांना कोणत्या शेतघरात न्यायचे, कोणाकडे जागा आहे, कोणाकडे दूध-बटाटे आहेत हा सारा निरोप याच गटांमधून फिरला. वचनाच्या अभ्यासाने केवळ मने तयार केली नव्हती, तर परस्परांना ओळखणारी आणि एकमेकांवर भरवसा ठेवणारी माणसेही एकत्र आणली होती. या मंडळीच्या इतिहासातील हीच बाब सर्वांत मोलाची आहे.

१९४०-४१ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पाळकांच्या घराचे दार वाजले. त्रोक्मे यांच्या पत्नी माग्दा स्वयंपाकघरात होत्या. दारात बर्फाने माखलेली, थंडीने कुडकुडणारी एक स्त्री उभी होती. आपण जर्मनीहून पळून आलेली ज्यू आहोत, असे सांगून आत येऊ का, असे तिने भीतभीत विचारले, आणि त्यात विचारायचे काय, अशा सहजपणे माग्दा यांनी तिला आत घेऊन शेगडीजवळ बसवले. याकोबाच्या पत्रातील उघड्यावाघड्या, उपाशी माणसाला येथे शब्दांऐवजी खरोखरच ऊब आणि अन्न मिळाले. तिला कागदपत्रे मिळावीत म्हणून माग्दा दुसऱ्या दिवशी गावच्या महापौरांकडे गेल्या, तेव्हा परक्या ज्यूंपायी फ्रेंच ज्यूंवर संकट येईल असे सांगून त्यांनी तिला गावाबाहेर घालवण्यास बजावले. तिला दुसरीकडे पाठवणे भाग पडले आणि एका घराचे उघडे दार पुरेसे नाही, हे माग्दा यांना कळून चुकले.

त्यानंतर जे उभे राहिले ती पद्धतशीर व्यवस्था होती. दक्षिण फ्रान्समधील छावण्यांत डांबलेल्या मुलांची सुटका करून घेणे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मदतसंस्थेला काही प्रमाणात शक्य होते, पण त्यांना ठेवून घेणारे गाव मिळत नव्हते. ते गाव होण्याची तयारी ले शांबोंने दाखवली. उन्हाळ्यात हवापालटासाठी येणाऱ्यांच्या वसतिगृहांत रिकाम्या खोल्या होत्या, तेइस चालवत असलेली माध्यमिक शाळा होती, आणि खर्चाचा भार क्वेकरांबरोबर स्विस व इतर मदतसंस्थांनी उचलला. या कामामागे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील शरणपुरांची कल्पना होती. निरपराध रक्त सांडू नये म्हणून इस्राएलाने पळून आलेल्यांसाठी राखून ठेवायची ही नगरे होत. (महाराष्ट्रातही या कल्पनेचा ठसा आहे: गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात नाशिकजवळच्या ज्या मिशनरी वसाहतीत आणले गेले, तिचे नाव शरणपूर होते.) ऑगस्ट १९४२ मध्ये विशी सरकारचा, म्हणजे शस्त्रसंधीनंतर जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच सरकारचा, युवकमंत्री गावात आला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याच्या हाती निवेदन दिले, आणि पॅरिसमधील ज्यूंच्या धरपकडीचा निषेध करून, असा हुकूम येथे आला तर आपण तो मोडू, असे त्यात उघडपणे लिहिले. थोड्याच दिवसांत पोलीस बसगाड्या घेऊन आले, पण झडत्या घेऊनही त्यांच्या हाती जवळजवळ कोणीच लागले नाही.

आचरणाला लागलेल्या माणसापुढेच उभे राहतात असे काही प्रश्न असतात, आणि ते नुसत्या श्रोत्याला कधीच छळत नाहीत. निर्वासितांना वाचवायचे तर बनावट ओळखपत्रे आणि शिधापत्रिका लागत. म्हणजे शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा पाळताना खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मोडावी लागे. बायबल अक्षरशः मानणाऱ्या या माणसांना ही गोष्ट क्षुल्लक वाटली नाही, आणि तिच्यावर सोयीचे तत्त्वज्ञान रचून त्यांनी मनाची समजूतही काढली नाही. कागद बनत राहिले आणि मनाचा सलही तसाच राहिला. फेब्रुवारी १९४३ मध्ये दोन्ही पाळक आणि सरकारी शाळेचे मुख्याध्यापक रोझे दार्सिसाक यांना अटक करून लिमोझजवळच्या छावणीत ठेवण्यात आले. महिन्याभराने सुटकेचा हुकूम आला, पण विशी सरकारचे प्रमुख मार्शल पेतां यांचा मान राखू आणि सरकारी आदेश पाळू अशा वचनपत्रावर सही करण्याची अट त्याला जोडलेली होती. दार्सिसाक यांनी सही केली. सरकारी आदेश पाळण्याचा आपला इरादा नसताना तसे लिहून देणे दोन्ही पाळकांनी नाकारले आणि ते बराकीत परतले. दुसऱ्या दिवशी वरून आलेल्या आदेशामुळे त्यांना सहीविनाच सोडावे लागले. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी खोटा कागद चालवून घेणारी ही माणसे स्वतःच्या सुटकेसाठी मात्र खोटा शब्द द्यायला तयार झाली नाहीत. हा फरक कोणत्याही उपदेशात आधी सांगून ठेवलेला नव्हता, तो त्यांनी वागता वागता ओळखला.

याची किंमतही मोजावी लागली. जून १९४३ मध्ये जर्मन पोलिसांनी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहावर छापा घातला. त्या वसतिगृहाचा प्रमुख असलेला, आंद्रे त्रोक्मे यांचा नातलग दानिएल त्रोक्मे विद्यार्थ्यांबरोबर पकडला गेला आणि १९४४ साली माइदानेकच्या छळछावणीत मरण पावला. पठाराने आसरा दिलेल्यांची नोंद ठेवणे धोक्याचे असल्याने त्यांचा आकडा अंदाजानेच, सुमारे तीन ते पाच हजार असा सांगितला जातो, आणि त्यांत ज्यूंची संख्या मोठी होती. इस्राएलमधील याद वाशेम या स्मारकसंस्थेने आंद्रे त्रोक्मे यांचा गौरव केला आणि १९९० साली ले शांबों व आसपासच्या गावांच्या रहिवाशांना एकत्रितपणे सन्मानपत्र दिले. त्या गावांमध्ये त्रोक्मे यांच्या चर्चमध्ये कधीही न आलेले, पाळकच न नेमता घरोघरी बायबल वाचणारे डार्बीपंथी शेतकरी होते, काही कॅथलिक कुटुंबे होती आणि धर्माशी फारसा संबंध न ठेवणारेही होते. म्हणून सारे श्रेय एका उपदेशकाच्या पदरात टाकू नये, असा आग्रह नंतरच्या इतिहासकारांनी धरला आहे. तो योग्यच आहे, कारण याकोबाचे पत्रही एका माणसाला उद्देशून नाही. ते मंडळ्यांना लिहिलेले आहे.