तार गेली, तारेचा कायदा राहिला

लेखमाला : सरकार आणि इंटरनेट – भाग 6

15 जुलै 2013 पासून भारतातली तारसेवा बंद झाली. बीएसएनएलने ती गुंडाळली तेव्हा शेवटची तार करायला मोठ्या शहरांतल्या तारघरांसमोर रांगा लागल्या होत्या. मृत्यूची, नोकरीची, पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्या पाहुण्यांची खबर आणणारी तार गेली. तारेसाठी इंग्रजांनी 1885 मध्ये केलेला भारतीय टेलिग्राफ कायदा मात्र गेला नाही. पुढे आठ वर्षांनी, नोव्हेंबर 2021 मध्ये, अमरावतीतले इंटरनेट बंद झाले. तसे करण्याचा अधिकार सरकारला तेव्हाही याच कायद्यातून मिळत होता.

मागच्या भागात पालघरची हकीकत आली होती. 2012 मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी तिथे दोन तरुणींना अटक झाली आणि त्यातून पेटलेल्या वादाचा शेवट माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम 66अ रद्द होण्यात झाला. तिथे सरकारने एका मजकुरामागच्या माणसाला धरले होते. या भागातला उपाय त्याहून कितीतरी मोठा आहे. त्यात कोणी काय लिहिले हे पाहिलेच जात नाही, सगळ्यांचे सगळेच बंद होते.

अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेसारख्या गावाला तारेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. बडनेरा आणि वर्ध्याच्या मधले हे स्टेशन कापसाच्या पट्ट्यात येते, आणि यवतमाळकडचा माल-माणसेही इथूनच गाडी धरत. रुळांच्या बाजूने तारेचे खांब गेले आणि मुंबईच्या बाजारात कापूस काय भावाने चालला आहे, हे वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला पत्राची वाट न पाहता कळू लागले. खबर आणि भाव एकाच तारेतून येत. त्यामुळे ती तार कोणाच्या हातात आहे, याला तेव्हापासूनच महत्त्व होते. 1885 च्या कायद्याच्या कलम 5 ने ती सरकारच्या हातात ठेवली. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज पडली, तर संदेश अडवता येतील, रोखून धरता येतील, अशी ती तरतूद. स्वातंत्र्यानंतर तिच्यात बदल झाले, पण गाभा तोच राहिला.

इंटरनेट आल्यावर बरीच वर्षे हे कलमसुद्धा नीट वापरले जात नव्हते. जिल्हा दंडाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे जमावबंदी लावायच्या अधिकारातच, नेट बंद करण्याचे आदेश काढत. ऑगस्ट 2015 मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत हेच झाले आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ते मान्यही केले. चार माणसांनी चौकात जमू नये यासाठी असलेले कलम लाखो लोकांच्या मोबाइलला लागू होत होते.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने टेलिग्राफ कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम आणले. त्यानुसार असा आदेश राज्यात फक्त गृह विभागाचे सचिव देऊ शकतात. अगदीच अडचण असेल तर सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाच्या, आधी तसा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने द्यायचा, पण 24 तासांत त्याला वरून मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो. आदेशात कारणे लिहिली पाहिजेत. तो मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या तीन सचिवांच्या पुनर्विलोकन समितीपुढे गेला पाहिजे. म्हणजे ठाणेदार नाही, तहसीलदार नाही आणि कागदोपत्री तरी जिल्हाधिकारीही नाही. धामणगावच्या दत्तापूर ठाण्याच्या हद्दीत तणाव असला, तरी नेट बंद करायचे की नाही याची सही मुंबईत व्हायला हवी. हा बदल चांगला होता, हे मोकळेपणाने सांगायला हवे.

त्याची खरी परीक्षा काश्मीरमध्ये झाली. ऑगस्ट 2019 मध्ये तिथले सगळे संपर्क तुटले. काश्मीर टाइम्सच्या संपादक अनुराधा भसीन यांना वर्तमानपत्र काढणे अशक्य झाले आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे सरकार बंदीचे सगळे आदेश न्यायालयापुढेसुद्धा ठेवायला तयार नव्हते. 10 जानेवारी 2020 रोजी निकाल आला. इंटरनेटवरून बोलणे आणि इंटरनेटवरून धंदा करणे, दोन्हींना राज्यघटनेच्या कलम 19 चे संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. बंदी गरजेपुरतीच असावी. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आदेश प्रसिद्ध झालाच पाहिजे, म्हणजे ज्याला तो मान्य नाही त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. न्यायालयाने नेट लगेच सुरू करण्याचा आदेश मात्र दिला नाही, आणि ही त्या निकालाची उणीव तेव्हाही अनेकांना खटकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने नियमात दुरुस्ती करून एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त 15 दिवस ठरवली.

हा निकाल न्या. एन. व्ही. रमणा, न्या. आर. सुभाष रेड्डी आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाचा. गवई अमरावतीचे. निकालाला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच त्यांच्याच शहरात नेट बंद करण्याची वेळ आली.

12 नोव्हेंबर 2021 रोजी त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ अमरावती, नांदेड, मालेगाव या शहरांत मोर्चे निघाले आणि त्यांना हिंसक वळण लागले. दुसऱ्या दिवशी अमरावतीत बंद पुकारला गेला, पुन्हा दगडफेक आणि जाळपोळ झाली, दुकाने फुटली. संचारबंदी लागली आणि इंटरनेट गेले. दीड वर्षाने, 13 मे 2023 च्या रात्री, अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दोन गट भिडले. एका माणसाचा जीव गेला, गाड्या जळाल्या. तिथेही जमावबंदी झाली, तिथेही नेट बंद झाले. वऱ्हाडातली दोन मोठी शहरे, दोन दंगली, आणि दोन्हींवर प्रशासनाने योजलेला एक उपाय तोच.

पोलिसांची बाजू हलकी नाही. रात्री दहाला कुठला तरी जुना व्हिडिओ आपल्या गावचा म्हणून फिरू लागतो आणि अर्ध्या तासात शंभर माणसे चौकात असतात. ठाण्यात मनुष्यबळ मोजके. अशा वेळी अफवेचा वेग तोडण्यासाठी काही तास मिळावेत, असे एखाद्या अधिकाऱ्याला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. ज्याच्या गल्लीत जाळपोळ झाली, त्या माणसालाही त्या रात्री नेटपेक्षा घर सुखरूप राहणे महत्त्वाचे असते.

पण हा उपाय लागू पडतो का, हे कोणी तपासलेच नाही. अमरावतीच्या दंगलीनंतर तीनच आठवड्यांच्या आत, डिसेंबर 2021 मध्ये, शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय स्थायी समितीचा याच विषयावरचा अहवाल संसदेत आला. देशात कुठे, किती वेळा, किती दिवस नेट बंद झाले याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवत होता, ना केंद्रीय गृह मंत्रालय. नेटबंदीचा अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो आणि शांतता राखायला तिचा कितपत उपयोग होतो, याचा नीट अभ्यास करावा, अशी शिफारस समितीला करावी लागली. औषधाचा गुण माहीत नाही आणि त्याच्या बाधेची नोंदही नाही, तरी ते पुन्हा पुन्हा दिले जात होते. राजस्थानने तर सप्टेंबर 2021 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून अनेक जिल्ह्यांतले नेट बंद ठेवले. परीक्षेतली कॉपी ही सार्वजनिक आणीबाणी कशी, याचे पटेल असे उत्तर मिळत नाही.

आता नोव्हेंबरमध्ये वऱ्हाडात काय चालू असते ते पाहू. कापसाची वेचणी भरात असते, सोयाबीन बाजारात येत असते, तूर वावरात उभी असते. 2021 मध्ये पीक विम्याचा नियम असा होता, की गारपीट किंवा पाणी साचण्यासारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाले तर शेतकऱ्याने 72 तासांत कळवायचे. फोनवरून, बँकेत किंवा कृषी कार्यालयात कळवता येई, पण सोयीचा मार्ग मोबाइल ॲपचा होता. तीन दिवसांची नेटबंदी आणि 72 तासांची मुदत हा हिशेब बंदीचा आदेश काढणाऱ्यांच्या टेबलावर असतो का? आदेशात तसा उल्लेख असावा, असे कुठलाही नियम सांगत नाही.

त्यानंतरच्या चार वर्षांत शेतकऱ्याचा कागद जवळजवळ पूर्णपणे मोबाइलमध्ये गेला आहे. ई-पीक पाहणी ॲपवर, सातबारा ऑनलाइन. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. 2025-26 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून गाडी आणण्याची वेळही तिथेच ठरवण्याची पद्धत आणली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला 8,110 रुपये होता. चुकारे आधारला जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. ज्याचा कापूस भरून तयार आहे आणि ज्याची वेळ नेटबंदीच्या दिवसातली आहे, त्याने काय करायचे? गाडीचे भाडे, मजुरी आणि घरात पडून राहिलेला कापूस, सगळे त्याच्याच अंगावर. शिवाय ज्याने दगड उचलला नाही, जो त्या शहरात राहतही नाही, पण ज्याचा मोबाइल त्याच टॉवरवर चालतो, त्यालाही बंदीत सूट नाही.

सरकारने एकीकडे प्रत्येक कामासाठी माणसाला ॲपवर आणायचे आणि दुसरीकडे ते ॲप चालणारे जाळे एका सहीने तोडायचा अधिकार जसाच्या तसा ठेवायचा, हे यापुढे सोबत चालू शकत नाही. नेट सक्तीचे केले की ते अखंड ठेवण्याची जबाबदारीही सरकारवर येते. निदान बंदीच्या काळातल्या सगळ्या सरकारी मुदती आपोआप पुढे गेल्या पाहिजेत. एवढे करायला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

मर्यादित उपायही उपलब्ध आहेतच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली केंद्र सरकार एखादा मजकूर किंवा खाते बंद करायला लावू शकते. जून 2020 मध्ये टिकटॉकसह 59 चिनी ॲप याच कलमाने बंद झाली. त्या कलमातही गुप्ततेचे दोष आहेत, त्यावर या मालेत पुढे येईलच. पण तिथे निदान बाण विशिष्ट मजकुरावर रोखलेला असतो.

इंटरनेट तोडणारी सरकारे जगात कमी नाहीत. जानेवारी 2011 मध्ये इजिप्तने होस्नी मुबारक यांच्याविरुद्धच्या आंदोलनात जवळजवळ सगळा देश जाळ्याबाहेर काढला. ॲक्सेस नाऊ ही संस्था दरवर्षी जगभरच्या नेटबंदींची मोजणी करते. तिच्या यादीत भारत अनेक वर्षे पहिला होता. 2024 मध्ये म्यानमार 85 वेळांसह पुढे गेला आणि भारत 84 वर राहिला. म्यानमारमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती आणि यादवी चालू होती. त्या देशाच्या शेजारी आपला आकडा असणे हे कोणालाही अस्वस्थ करणारे आहे.

1885 चा कायदा आता इतिहासजमा होत आहे. डिसेंबर 2023 मध्ये संसदेने दूरसंचार कायदा मंजूर केला. बंदीचा अधिकार देणारे त्याचे 20 वे कलम जून 2024 मध्ये लागू झाले आणि 22 नोव्हेंबर 2024 रोजी नवे नियम आले. आदेश प्रसिद्ध करायचा, कारणे द्यायची, कुठला भूभाग आणि कुठली सेवा हे नेमके लिहायचे, 15 दिवसांच्या वर जायचे नाही, हे सगळे त्यात आहे. पुनर्विलोकन समिती मात्र सचिवांचीच राहिली. निवृत्त न्यायाधीश आणि सरकारबाहेरच्या जाणत्या माणसांना समितीत घ्या, अशी संसदीय समितीने केलेली शिफारस बाजूला पडली. एका सचिवाचा आदेश तीन सचिवांनी तपासायचा, अशीच रचना आहे. 2024 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा जम्मू-काश्मीरचे प्रकरण आले. पीठात न्या. गवई होते. समितीतली चर्चा गुप्त राहिली तरी चालेल, पण समितीने दिलेला निर्णय लोकांपुढे आलाच पाहिजे, असे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले.

प्रसिद्ध करणे म्हणजे काय, हा प्रश्न मात्र नियमाने सोडवलेला नाही. नेटबंदीचा आदेश संकेतस्थळावर टाकला तर ज्यांचे नेट बंद आहे तेच तो वाचू शकत नाहीत. धामणगावच्या माणसासाठी तो मराठीत हवा, तहसील, पोलीस ठाणे, बाजार समिती आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लागलेला हवा. लिलावाची, पाणीपट्टीची, निवडणुकीची सूचना याच फलकांवर वर्षानुवर्षे लागत आली आहे. सही कोणाची, कोणती गावे, किती वाजेपर्यंत आणि का, एवढे त्या एका पानावर मावते. ते पान लागले नसेल तर माहितीच्या अधिकारात आदेशाची आणि पुनर्विलोकन समितीच्या निर्णयाची प्रत गृह विभागाकडे मागता येते. बंदीने नुकसान झालेल्या शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला उच्च न्यायालयात जायचे असेल, तर सुरुवात याच दोन कागदांपासून होते, आणि अमरावती-अकोल्यासाठी ते न्यायालय नागपूर खंडपीठाच्या रूपाने याच लोहमार्गावर आहे.

(पुढील भागात : सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारनेच ठरवावे का? केंद्राच्या तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये का रद्द केली, त्याची हकीकत.)