लंगोट की डायपर? तुलनेचा प्रश्न संशोधनात कसा मांडायचा

पेट किंवा नेटची तयारी करताना चल, गृहीतक, नियंत्रित गट यांच्या व्याख्या आपण पाठ करतो. पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की त्या वापरायच्या कुठे, हे सुचत नाही. म्हणून आज घरातलंच उदाहरण घेऊ: तान्ह्या बाळाचा सुती लंगोट. नाशिकच्या कितीतरी घरांत बाळ यायच्या आधी जुनं नऊवारी किंवा धोतर काढून लंगोट फाडून ठेवतात. त्याच घरात बाहेर जाताना मात्र दुकानातला डायपर लावतात. मग वाद सुरू होतो, दोन्हींत चांगलं कोणतं?

हा प्रश्न असाच सिनॉप्सिसमध्ये लिहिलात तर मार्गदर्शक परत पाठवतील. 'चांगलं' म्हणजे कशासाठी? बाळाच्या त्वचेसाठी, खिशासाठी, पर्यावरणासाठी, की धुणाऱ्या माणसासाठी? या प्रत्येकाचं मोजमाप वेगळं आहे.

आधी वस्तू समजून घ्या

साधारण ६० सेंटीमीटर बाजूचा चौकोनी तुकडा कर्णावर दुमडला की त्रिकोण होतो. त्याची लांब बाजू बाळाच्या कमरेखाली आणि टोक पायांकडे ठेवायचं. मधोमध दुसऱ्या फडक्याची चारपदरी पट्टी घालायची. टोक पायांमधून पोटावर आणायचं, दोन्ही बाजूंची टोकं पुढे घेऊन सैलसर गाठ मारायची. नाळ पडली नसेल तर गाठ नाळेच्या खाली घ्यायची. मांड्या मोकळ्या, थोड्या फाकलेल्या राहायला हव्यात. पाय सरळ ताणून घट्ट बांधणं खुब्याच्या सांध्यासाठी बरं नाही.

आता ही घडी विज्ञानाच्या नजरेने बघा. जिथे ओल येणार तिथेच पदर जास्त, बाजूला कमी. धुतल्यावर सगळं उलगडून एकपदरी वाळत घालता येतं. तेवढंच पाणी चौपट पृष्ठभागावर पसरलं की बाष्पीभवन लवकर होतं. चार पदर शिवून टाकलेलं पॅड पावसाळ्यात दोन दिवस दमट का राहतं, याचं उत्तर इथे आहे. जुनंच कापड का, हेही बघा. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि त्याला पाणी आवडतं. पण कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, नव्या कापडाला खळही असते. धुऊन धुऊन ते निघून जातं आणि कापड पाणी ओढू लागतं.

काय मोजताय, कशाने मोजताय?

समजा तुम्ही शोषणक्षमता मोजायची ठरवली. कोरडं कापड तोला, भिजवा, ठरावीक वेळ निथळू द्या, पुन्हा तोला. वजनातला फरक भागिले कोरडं वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पण भिजवायचं कशात? डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाचं बहुवारिक असतं. ते शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरतं, पण पाण्यात क्षार असले की ही क्षमता फार खाली येते. लघवीत क्षार असतातच. म्हणजे नळाच्या पाण्याने चाचणी केली तर डायपरला फुकटचे गुण मिळतील. म्हणून ०.९ टक्के मिठाचं द्रावण घ्यायचं.

दुसरी गोष्ट, शोषण म्हणजे त्वचेचं आरोग्य नव्हे. मलातल्या जिवाणूंचं युरिएझ हे विकर लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतं. त्वचेचा सामू वाढतो, मलातली प्रथिनं आणि मेद तोडणारी विकरं जोमाने काम करतात आणि पुरळ उठतं. डायपर ओल आत ओढून घेतो, लंगोट ओला झाला की ओलाच राहतो. म्हणून लंगोट लगेच बदलावा लागतो. पण डायपरही तासन् तास ठेवला तर हीच प्रक्रिया सुरू होते. म्हणजे 'किती वेळाने बदलला' हा चल सोडून केलेली तुलना निरुपयोगी.

आकडा उचलण्याआधी

पर्यावरणासाठी जीवनचक्र मूल्यांकन करतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २००८ चा अहवाल यात नेहमी उद्धृत होतो. एका बाळाची पहिली अडीच वर्षं हे त्यांचं एकक होतं. डायपरसाठी सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, कापडासाठी सुमारे ५७०. जवळपास बरोबरी! 'कापडाचा काही फायदा नाही' हे वाक्य बऱ्याचदा इथून येतं. पण त्याच अहवालात पुढे आहे की मशीन पूर्ण भरून धुतलं, उघड्यावर वाळवलं आणि दुसऱ्या मुलालाही तेच कापड वापरलं, तर कापडाचा आकडा सुमारे २०० किलोंनी उतरतो. ड्रायरमध्ये वाळवलं तर वर जातो. ब्रिटन सरकारच्या २०२३ च्या नव्या अभ्यासात तर कापडाचं उत्सर्जन साधारण २५ टक्के कमी निघालं.

हे आकडे नाशिकला जसेच्या तसे लावता येतील का? आपल्याकडे गच्चीवरची दोरी आणि ऊन आहे, पण पावसाळाही आहे. हाताने धुतलं तर वीज जवळजवळ शून्य. मशीनमध्ये गरम पाणी घेतलं तर ती वीज मोजावी लागेल, आणि आपली वीज बरीचशी कोळशाची. एकलहऱ्याचं केंद्र जवळच आहे. पाणी गंगापूर धरणातून येतं, तेही मोजायचं. वापरलेला डायपर घनकचरा नियमांनुसार वेगळा गुंडाळून द्यायचा असतो. तो तसा दिला जातो का आणि पाथर्डीच्या खत प्रकल्पात पोचल्यावर त्याचं काय होतं, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावं लागेल.

आणखी एक गंमत. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं. फाटका भाग सोडला तरी वीसेक लंगोट निघतात. त्या कापसाच्या शेतीचं पाणी कोणाच्या खात्यावर लिहायचं, लुगड्याच्या की लंगोटाच्या? याला विभाजनाचा प्रश्न म्हणतात. दोन्ही उत्तरं चालतील, पण तुम्ही कोणतं निवडलं आणि का, ते लिहावं लागतं.

चौकटीबाहेर कोण राहिलं?

किलो आणि लिटर मोजले, पण रात्री उठून लंगोट बदलणारी, सकाळी बादलीभर धुणारी बाई या आकड्यांत कुठेच नाही. बहुतेक घरांत ती आई, आजी किंवा धुणंभांडी करणाऱ्या मावशी. 'कापड स्वस्त आणि हिरवं' हा निष्कर्ष त्यांचे तास शून्य धरून काढलेला असतो. तुमच्या अभ्यासात ते तास मोजणार नसाल तर निदान मर्यादांच्या परिच्छेदात तसं स्पष्ट लिहा. मोजणार असाल, तर कदाचित तुमचा विषय तोच आहे.

आता तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान काढा. त्यातली तुलना एका वाक्यात लिहा आणि खाली चार ओळी: एकक काय, सीमा कुठे आखली, कोणती परिस्थिती गृहीत धरली, कोण मोजलं गेलं नाही. ज्या ओळीत अडाल, तिथून वाचन सुरू करा. कुठे अडलात ते मला जरूर कळवा.