ब्रिटिश लोकशाहीची ओळख, लेखांक सहावा : मत पक्षाला की पुढाऱ्याला?

कॉमन्स सभेचे मतदारसंघ कसे आखले जातात, आणि ज्या उमेदवाराला इतरांपेक्षा अधिक मते पडतात तो, ती मते निम्म्याहून कमी असली तरीही, विजयी कसा ठरतो, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. आता त्या नियमांच्या चौकटीत प्रत्यक्ष मत देणाऱ्या मनुष्याकडे वळावयाचे आहे. मतपत्रिकेवर फुली मारण्याच्या क्षणी त्याच्या मनात कोण असतो : आपल्या भागातला उमेदवार, त्या उमेदवाराचा पक्ष, की त्या पक्षातर्फे पंतप्रधानपदावर दावा सांगणारा पुढारी?

हा प्रश्न कायद्याला विचारला तर उत्तर निःसंदिग्ध मिळते. कायद्याच्या दृष्टीने मतदार उमेदवारालाच निवडतो. १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा झाल्यापासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढाच मजकूर छापला जात असे. तो कोणत्या पक्षाचा, हे तेथे नमूद करण्याची मुभाच नव्हती. १९६९ च्या कायद्याने उमेदवाराला स्वतःचे सहा शब्दांपर्यंत वर्णन देण्याची परवानगी मिळाली, आणि १९७० साली सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर पक्षांची नावे प्रथमच उमटली. पंतप्रधानाची निवडणूक तर या कायद्याला ठाऊकच नाही. कॉमन्स सभेचा विश्वास ज्याला लाभेल त्याला राजा किंवा राणी पाचारण करते, हाच तेथील शिरस्ता. म्हणूनच १९४० साली चर्चिल आणि १९५७ साली मॅकमिलन हे सार्वत्रिक निवडणुकीवाचून सत्तेवर आले, आणि २०२२ या एकाच वर्षी बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक अशा तिघांनी पाठोपाठ कारभार पाहिला, तरी त्या वर्षात सार्वत्रिक मतदान एकदाही झाले नाही.

परंतु कायद्याच्या कागदावर पक्षाला स्थान नसले म्हणून मतदाराच्या मनातही ते नव्हते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. उमेदवाराची वैयक्तिक योग्यता कितपत फळते, हे जोखण्यासाठी मुंबईशी निकटचा संबंध असलेल्या तीन पारशी गृहस्थांचा दाखला पुरेसा आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे अध्यापन केलेले दादाभाई नौरोजी १८८६ साली होबर्न येथे पराभूत झाले. कृष्णवर्णीय मनुष्याला ब्रिटिश मतदारसंघ निवडून देईल किंवा कसे, याविषयी पंतप्रधान सॉल्झबरी यांनी १८८८ साली जाहीर शंका बोलून दाखविली; ती खोटी ठरवून दादाभाई १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून उदारमतवादी पक्षातर्फे अवघ्या पाच मतांच्या आधिक्याने निवडून आले. पुढच्याच, १८९५ च्या निवडणुकीत त्या पक्षाचा देशभर धुव्वा उडाला आणि त्यात दादाभाईही गेले. मात्र त्याच निवडणुकीत, दादाभाईंच्या राजकारणाचे कडवे विरोधक सर मंचेरजी भावनगरी हे हुजूर पक्षातर्फे लंडनच्या पूर्व भागातील बेथनल ग्रीनच्या गरीब वस्तीतून निवडून आले. १९०० साली त्यांनी आपली जागा राखली आणि १९०६ साली उदारमतवाद्यांच्या लाटेत ती गमावली. त्याच लाटेत नुकतेच पंतप्रधानपद सोडलेले बाल्फोर यांचाही मँचेस्टरमध्ये पराभव झाला. तिसरे शापुरजी सकलातवाला. बॅटरसीतून १९२२ व १९२४ साली हा साम्यवादी वक्ता निवडून आला तो स्थानिक मजूर पक्षाच्या पाठबळावर. १९२९ साली मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध आपला अधिकृत उमेदवार उभा केला, तेव्हा तेच वक्तृत्व आणि तीच लोकसेवा त्यांना तारू शकली नाही. तिघांच्या विद्वत्तेत व स्वभावात जमीनअस्मानाचे अंतर. परंतु जय आणि पराजय या दोहोंची वेळ ठरविली ती त्यांच्या पाठीशी असलेल्या किंवा नसलेल्या पक्षाने.

पक्ष सोडून जाणाऱ्यांचा इतिहासही हीच साक्ष देतो. १९८१-८२ मध्ये मजूर पक्षाचे अठ्ठावीस आणि हुजूर पक्षाचा एक असे सभासद नव्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले. त्यांत माजी मंत्री होते, नामांकित वक्ते होते, तथापि १९८३ च्या निवडणुकीत त्यांपैकी बहुतेकांना आपल्या जागा राखता आल्या नाहीत. अपवाद नाहीत असे नव्हे. १९९७ साली टॅटन येथे मार्टिन बेल हा पत्रकार अपक्ष म्हणून विजयी झाला, पण त्याच्यासाठी दोन विरोधी पक्षांनी आपले उमेदवार मागे घेतले होते. आणि २०२४ साली जेरेमी कॉर्बिन इझलिंग्टन नॉर्थमधून अपक्ष म्हणून निवडून आले, पण त्या जागेचे प्रतिनिधित्व ते १९८३ पासून अखंड करीत होते. असे विजय इतके विरळ असतात की ते वर्षानुवर्षे नावानिशी लक्षात राहतात.

आता पुढाऱ्याकडे वळू, कारण खरा वाद येथेच आहे. पुढाऱ्याच्या नावावर निवडणूक जिंकता येते, असे मानणाऱ्यांच्या हाती एक जुने प्रमाण आहे. १८७९-८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी स्कॉटलंडातील मिडलोथियन येथे सभांची जी झोड उठविली, तिच्यामुळे १८८० च्या विजयानंतर राणी व्हिक्टोरियाने प्रथम हार्टिंग्टन यांना बोलावूनही अखेर पंतप्रधानपद, त्या वेळी पक्षाचे अधिकृत नेतेही नसलेल्या, ग्लॅडस्टन यांच्याकडेच सोपवावे लागले. परंतु याच्या उलट प्रमाणे अधिक आणि अधिक बलवत्तर आहेत. १९४५ च्या मे महिन्यात मतचाचण्यांतून शेकडा ऐंशीहून अधिक लोक चर्चिल यांच्या कामगिरीवर संतुष्ट असल्याचे दिसत होते, आणि प्रचारदौऱ्यात त्यांच्या मोटारीभोवती लोक गर्दी करून जयघोष करीत होते. तरीही २६ जुलैला निकाल जाहीर झाले तेव्हा अबोल, मितभाषी ॲटली यांच्या मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या होत्या. मतदारांनी चर्चिल यांचे उपकार नाकारले नव्हते. १९३० नंतरच्या दशकातील बेकारीचे खापर मात्र त्यांनी हुजूर पक्षाच्या माथी फोडले होते, आणि १९४२ च्या बेव्हरिज अहवालातील सामाजिक विम्याची हमी मजूर पक्षच खरी करील असा त्यांचा विश्वास होता. १९७० साली विल्सन हे हीथ यांच्यापेक्षा लोकप्रिय होते, तरी जिंकले हीथ. १९७९ साली पंतप्रधान म्हणून कॅलहन थॅचरबाईंहून अधिक पसंत असल्याचे चाचण्या सांगत होत्या. परंतु त्याआधीच्या हिवाळ्यातील संपांमुळे लोक मजूर सरकारला विटले होते, आणि थॅचरबाईंना ३३९ जागा मिळाल्या.

दूरदर्शनच्या युगात हे चित्र पालटले असेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एप्रिल २०१० मध्ये पक्षनेत्यांच्या दूरदर्शनवरील वादसभा तेथे प्रथमच झाल्या. पहिल्याच सभेनंतर निक क्लेग यांच्या नावाचा देशभर गाजावाजा झाला, परंतु त्यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या जागा मागील निवडणुकीतील ६२ वरून ५७ वर आल्या. २०१७ साली थेरेसा मे यांनी सारा प्रचार स्वतःच्या कणखर व स्थिर नेतृत्वाभोवती गुंफला, आणि हातात असलेले बहुमत गमावून त्यांचा पक्ष ३१७ जागांवर थांबला. त्याच निवडणुकीत कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाला शेकडा ४० मते मिळाली. अडीच वर्षांनी पक्षही तोच आणि पुढारीही तोच असता हे प्रमाण शेकडा ३२ पर्यंत घसरले, कारण दरम्यान युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नाने जुन्या मजूर मतदारसंघांतही फूट पाडली होती.

तरीसुद्धा पुढाऱ्याला अगदीच क्षुल्लक लेखणे योग्य होणार नाही. डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्या मतदाराचे वर्णन आहे, त्याला पक्ष बहुधा आईबापांकडून, घर आणि पेशा यांच्याबरोबरच वारशाने मिळत असे. पुढच्या दशकांत हा वारसा क्षीण झाला, आणि ज्याचा पक्ष ठरलेला नाही असा मतदार पुढाऱ्याकडे पाहून पक्षाची पारख करू लागला. पुढाऱ्याचे महत्त्व आहे ते एवढ्यापुरते. तो पक्षाच्या राज्यकारभाराच्या पात्रतेचा नमुना म्हणून पारखला जातो. नमुना सदोष दिसला तर मते दूर जातात, पण माल नकोसा झालेला असला तर नमुन्याची चकाकी कामाला येत नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे : ब्रिटिश मतदार फुली मारतो उमेदवाराच्या नावापुढे, पारखतो पुढाऱ्याला, आणि निवडतो पक्षाला. निवडणुकीच्या काळात तेथील वृत्तपत्रांत दोन पुढाऱ्यांच्या द्वंद्वाची वर्णने वाचताना वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे की चर्चिल यांच्यासारखा पुरुषही ते द्वंद्व जिंकून निवडणूक हरला होता. पक्षाचा पुढारी ठरविण्याचा अधिकार मात्र मतदाराकडे नाही. तो कधी मूठभर उमरावांच्या, कधी खासदारांच्या, तर कधी पक्षाच्या वर्गणीदारांच्या हाती कसा गेला, हा पुढील लेखांकाचा विषय.