दादाचा स्पेक्ट्रम आणि वाढवलेला ठेका

आमच्या कसबा पेठेतल्या घरी माळ्यावर दादाचा स्पेक्ट्रम होता. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेला हा सिंक्लेअरचा घरगुती संगणक. भारतात डेसिबेल्स कंपनीने तो परवान्याने विकला. पडद्याऐवजी घरातला टीव्ही आणि साठवणीला साधा कॅसेट रेकॉर्डर. पुण्यातल्या सूर्योदयाच्या वर्षभराच्या वेळा काढणारा प्रोग्राम दादाने त्यावर लिहिला होता. त्याला ११ मिनिटं लागत. दादा २००९ साली गेला. त्याच्या यंत्राचा वेग वाढवून बघावा, असं माझ्या मनात फार उशिरा आलं.

यात झेड-८०ए नावाचा प्रोसेसर असतो. तो सेकंदाला ३५ लाख ठोक्यांवर, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच ४० पायांचे, पण ८ आणि २० मेगाहर्ट्झ पेलणारे झेड-८० पुढे निघाले. जुना काढून नवा बसवला की झालं, असं मला वाटलं. पण प्रोसेसर आपणहून धावत नाही. ठोका मिळेल तसाच चालतो. तो ठोका १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला चाराने भागून मिळतो. मग क्रिस्टलच बदलला तर? टीव्हीचं चित्रही त्याच क्रिस्टलवर चालतं. गणपतीत ढोल-ताशा ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको : ताशा वाढला की सगळे ढोल वाढतात. इथे चित्रच पळतं, आणि टीव्हीला ते धरता येत नाही.

म्हणून क्रिस्टलला हात न लावता प्रोसेसरच्या सहाव्या पायाकडे येणारी वाट तोडली आणि तिथे ७ मेगाहर्ट्झ दिले. चित्राची मेमरी मात्र चित्र काढणारी चिप आणि प्रोसेसर वाटून वापरतात. त्या पत्त्यांवर जुनाच वेग राहावा, अशी सोय दोन-तीन साध्या आयसींनी केली.

संगणक सुरू झाला. पण कॅसेट वाचेना. कॅसेटवर माहिती लहान-मोठ्या लांबीच्या लहरींत असते. ती लांबी मोजायला संगणकाकडे वेगळं घड्याळ नसतं, तो आपल्याच फेऱ्या मोजतो. वेग दुप्पट झाला की फेऱ्याही दुप्पट भरतात आणि शून्याचा एक होतो! हे उमगेपर्यंत मी टेप सात-आठदा मागे-पुढे केली होती. शेवटच्या खेपेला ती रेकॉर्डरमध्ये गुंतली. टेपच्या सुरुवातीला दादाने स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलं होतं, 'सूर्योदय, तिसरा प्रयत्न.' त्यातला 'तिसरा' आता ऐकू येत नाही. प्रोग्राम थोडक्यात वाचला.

मग एक खटका बसवला. जुन्या वेगात कॅसेट वाचायची आणि मग खटका दाबायचा. ११ची ७ मिनिटं झाली. दुप्पट वेग आला नाही, कारण बेसिकचा प्रोग्राम त्याच वाटून घेतलेल्या मेमरीत बसतो.

तुमच्याकडे असं यंत्र असेल, तर स्क्रू उघडण्याआधी कॅसेटी आजच्या संगणकावर उतरवून घ्या. मी ते नंतर केलं. आणि काढलेला प्रोसेसर टाकू नका. झायलॉग कंपनीने सुट्या झेड-८०च्या शेवटच्या मागण्या जून २०२४मध्ये घेतल्या. दादाचा मी डबीत ठेवला आहे, त्या कॅसेटशेजारी.